नवारीच्या पट्ट्याची बॅग

लातूरच्या रस्त्यांवर हातगाड्यांतून हरभऱ्याच्या डहाळ्याच्या जुड्या दिसायला लागल्या की परीक्षांचे दिवस आले म्हणून समजावं. दोन्हींचा हंगाम एकच. आमच्या शाळेच्या भिंतीला टेकून दहावीची पोरं-पोरी ओठ हलवत काहीतरी घोकत असतात आणि फाटकाबाहेर डहाळेवाली बाई जुड्यांवर पाणी शिंपडत बसलेली असते. त्या ओल्या पाल्याला एक आंबट वास येतो. हात लागला की बोटं चिकट होतात, आणि कोणी बघत नसेल तर मी अजूनही बोट जिभेला लावून बघते.

परवा निलंग्याच्या स्टँडवर अशीच एक जुडी घेतली आणि बॅगेत कोंबायला गेले, तर खांद्यावरचा पट्टाच तुटला. लातूरच्या बसच्या अगदी दारात. तपासायच्या वह्या एकीकडं, डबा एकीकडं, चष्म्याचं घर चाकाजवळ. मागच्या बाईंनी वह्या गोळा करून दिल्या, कंडक्टरनं "मॅडम, सावकाश घ्या" म्हणत बस थांबवून धरली, आणि मी सगळा संसार ओढणीत बांधून लातूरपर्यंत मांडीवर घेऊन आले. मी निलंग्याजवळच्या एका शाळेत शिकवते. राहते लातूरला. रोज जाऊन-येऊन करणाऱ्या बाईची बॅग तुटते म्हणजे काय होतं, ते रोज जाऊन-येऊन करणारीलाच विचारावं.

त्याच संध्याकाळी गंजगोलाईत बॅगांच्या दुकानात गेले. दुकानदार भला माणूस. "मॅडम, नेमकी कशासाठी पाहिजे?" म्हणाला.

"रोज बसनं जायला-यायला."

त्यानं एकामागून एक बॅगा काढल्या. एक दिसायला छान, पण डबा आडवा ठेवावा लागायचा. एकीत लॅपटॉपचा मऊ कप्पा, पण माझ्याकडं लॅपटॉप नाही, वह्या आहेत. एकीला सात खिसे, पण सगळे आतून. बसच्या गर्दीत पास काढायचा तर अख्खी बॅग उघडून दाखवायची. एकीचा पट्टा खांद्यावरून घसरायचा. मी प्रत्येक बॅग खांद्याला लावत होते, डावा हात वर करून बसचा दांडा धरल्यासारखं करत होते, उजव्या हातानं चेन शोधत होते. दुकानातली दुसरी गिऱ्हाइकं बघायला लागली. शेवटी दुकानदार हसून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला पाहिजे तसली बॅग कंपनी बनवत न्हाई. शिवूनच घ्यावी लागंल."

मी पायऱ्या उतरले. तसली बॅग मला एकदा कोणीतरी शिवून दिली होती.

तेव्हा मी लोह्याकडच्या एका गावात नवी सून होते. लग्नाआधी बी.ए. झालेलं. सासरच्यांनी बैठकीतच सांगितलं होतं, पोरीला बी.एड. करायचं असेल तर करू देऊ. आणि शब्द पाळला. नांदेडच्या कॉलेजात नाव लागलं. गावापासून फाटा अर्धा कोस, फाट्यावरून नांदेडची बस, तासाभराचा रस्ता. भाकऱ्या थापून, डबा भरून, सात वाजता घराबाहेर पडायचं. चुलीचा धूर अंगावर तसाच असायचा. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला वासावरून कळायचं की मी आत्ताच चुलीपुढून उठले आहे, कारण तिलाही तोच वास यायचा.

बॅगेचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहिला. आमच्या ह्यांनी मोठ्या हौसेनं नांदेडहून तपकिरी पर्स आणली होती. तिच्यात दस्ती आणि कंगवा सोडून काही मावायचं नाही. दस्ती म्हणजे आमच्याकडं रुमाल. मग मी बियाणाच्या दुकानातून मिळालेली नायलॉनची पिशवी धरली. तिचं तोंड कायमचं उघडं. एकदा एका वळणावर डबा कलला आणि वरण सगळं पाठाच्या टाचणवहीवर. बी.एड.ला शिकवण्याच्या सरावाचे पाठ घ्यावे लागतात, आणि त्या प्रत्येक पाठाचं टाचण लिहून आधी सरांना दाखवावं लागतं. सरांनी वही उघडली, नाकाजवळ नेली आणि म्हणाले, "ह्या पाठात लसूण जास्त झाला." सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि मधल्या सुट्टीत नळावर जाऊन रडले. मग पाठीवरची सॅक घेतली. ती घालून निघाले तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "आगं, पाठीवर वझं घेऊन कुठं निघालीस? किल्ला चढायलीस का काय?" त्यांचं मी हसण्यावारी नेलं असतं, पण बसमध्ये ती सॅक माझ्या मागं उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात जायची. तीही गेली माळ्यावर.

हे सगळं एक माणूस गप्प राहून बघत होतं. माझी नणंद कमल. वयानं माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा वारला आणि ती माहेरी परत आली, ती सोप्यातल्या शिलाई मशीनपाशी बसली. गावातल्या बायकांचे ब्लाऊज, पोरींचे ड्रेस, साडीला फॉल, काय पडेल ते. तिथं सगळे तिला कमलताई म्हणायचे. मी निलंग्याकडची, आमच्याकडं थोरलीला अक्का म्हणतात, म्हणून मी अक्का म्हणायची. तिला ते आवडायचं. "नवीन नाव भेटलं मला," म्हणायची.

दसरा झाल्यावर एका दुपारी अक्कानं मला मशीनपाशी बसवलं आणि एखाद्या डॉक्टरनं विचारावेत तसे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"बसमदी चढताना दांडा कोणत्या हातानं धरतीस?"

"डाव्या."

"मंग चेन उजव्या हाताला उघडली पायजे. पास कुठं ठिवतीस?"

मी लाजले. "ब्लाऊजमध्ये."

"आन् कंडक्टर आला की?"

"पाठ फिरवते."

अक्का तोंडावर पदर धरून हसली. मग तिनं डब्याची उंची मोजली, वह्यांची थप्पी मोजली, पाण्याच्या बाटलीभोवती टेप फिरवला. मला उभं करून खांद्यापासून कमरेपर्यंत दोरा लावला. "तक्ते कसे नेतीस?" शिकवायला लागणारे तक्ते मी गुंडाळून काखेत धरून न्यायचे, ते उतरेपर्यंत चुरगाळायचे. "त्याला बी कायतरी करू," ती म्हणाली.

लोह्याच्या बाजारातून तिनं जाड, मातकट हिरवं कापड आणलं. डब्याच्या कप्प्याला आतून मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, फाटक्या रेनकोटची बाही लावली, म्हणजे वरण सांडलं तरी तिथंच राहावं. पासाला बाहेरून टिचबटणाचा खिसा. बाटलीला उभी जागा. तक्त्यांच्या गुंडाळीला बाजूनं दोन कड्या. आणि पट्टा म्हणून जुन्या पलंगाची नवार. किती तरी वर्षं माणसांच्या पाठीखाली राहून मऊ झालेली ती रुंद सुती पट्टी खांद्यावर अशी बसायची की ओझं आहे हे विसरायला व्हायचं. नव्या बॅगांचे पट्टे गुळगुळीत असतात. नवार खांद्याला धरून राहते.

पाठीमागच्या बाजूला, अंगाला लागून येईल असा एक चपटा खिसा होता. त्यात वही मावेल एवढी जागा, वर दोन हूक.

"हा कशाला, अक्का?"

"आसू दे. लागंल कवातरी," ती मशीनवरून नजर न उचलता म्हणाली.

गंजगोलाईतून रिकाम्या हातानं घरी आल्यावर मी अक्काला फोन लावला. ती आता नांदेडला असते, मुलींना शिवण शिकवते. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "अक्का, ती हिरवी बॅग आहे का गं अजून?"

"कुठली आता! कवाच उसवली. पोरींना दाखवायला उसवली मीच. आतला खिसा आदी का बाहेरचा आदी, हे उसवल्याबिगर कळत न्हाई त्यांना." मग म्हणाली, "दुसरी शिवून देते की. पण आता तू काय काय घेऊन जातीस, मला कुठं म्हाईत हाय? चष्मा लागला म्हणं तुला. तू ये एकदा. समोर बसून सांग."

फोन ठेवला. एके काळी माझ्या डब्यात कोणती भाजी आहे इथपासून माझी दस्ती कोणत्या खिशात आहे इथपर्यंत सगळं ठाऊक असलेलं हे माणूस. एका घरात राहणं म्हणजे दुसऱ्याच्या पिशवीत काय आहे हे न उघडता ठाऊक असणं, असं मला त्या क्षणी वाटलं. ते गेलं. चष्म्याचं घर केवढं आहे ते मला तिला आता सांगावं लागणार.

तो चपटा खिसा त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर उघडला गेला. मी सकाळी चप्पल घालत होते, तेव्हा अक्का मागून आली आणि बॅगेत काहीतरी सरकवून हूक लावले. "फाट्यावर गेल्यावर बघ. इथं नको."

फाट्यावर बाभळीखाली उभी राहून मी पाकीट काढलं. आत तिचा नववीचा शाळा सोडल्याचा दाखला, दोन फोटो आणि वहीच्या कागदावर पेन्सिलीनं चार ओळी. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसता येतं, त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरतात, हे मीच कधीतरी जेवताना कॉलेजातल्या गप्पा सांगताना बोलले होते. तिनं ते उचलून ठेवलं होतं. कागदावर लिहिलं होतं: 'लोह्याच्या शाळेत फॉर्म मिळतो म्हणे. भरून देशील का. घरी कोणाला सांगू नको. पास झाले तरच सांगू.'

संध्याकाळी मी तिला एकटीला गाठलं. "अक्का, सांगितलं तर कोणी नाही म्हणणार नाही."

"नाही म्हणण्याचं भ्या न्हाई मला. नापास झाले तर? गावभर बायका इथं ब्लाऊज टाकायला येत्यात. तोंड कुठं लपवू?"

मग त्या बॅगेला दोन कामं लागली. सकाळी माझी टाचणं नांदेडला जायची, संध्याकाळी चपट्या खिशातून अक्काची पुस्तकं घरी यायची. एका वेळी एकच, म्हणजे खिसा फुगायचा नाही. मराठी, इतिहास, मग भूमितीचं. ब्लाऊजच्या कापडांच्या चळतीखाली ती ठेवायची. मशीन चालवताना समोर उघडं पुस्तक आणि त्यावर कापड. कोणी आलं की कापड ओढायचं. तिच्या पुस्तकाच्या पानापानांत दोऱ्याचे तुकडे असायचे, खुणेसाठी. अवघड धड्याला लाल दोरा, सोप्याला पांढरा. बीजगणिताचं पुस्तक नुसतं लाल होतं.

संक्रांत गेली. रानात करडई पिवळी होऊन वाळायला लागली, हरभऱ्याला घाटे धरले. बसच्या दोन्ही बाजूंना पळस पेटलेले. त्या दिवसांत आमच्याकडं घरातलं कोणीच घरात नसतं. करडईचे काटे दवात मऊ असतात म्हणून ती पहाटेच काढायची, हरभराही उन्हं चढायच्या आत उपटायचा. आत्याबाईंच्या लुगड्याचा सोगा हरभऱ्याच्या आंबेनं, म्हणजे पाल्याच्या आंबट रसानं, ताठ झालेला असायचा. आणि ऐन त्याच दिवसांत दहावीचे पेपर. अकरा वाजता लोह्याला पोचायचं, आणि घरात सांगायचं काय? मी म्हटलं, दातांच्या डॉक्टरकडं जायचं सांगू. अक्का म्हणाली, "सात येळा? तोंडात दात किती राहतील माझ्या?"

शेवटी काय सांगायचं ते ठरवायची वेळच आली नाही.

पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी मी कॉलेजातून लवकर आले होते. मामांच्या डोळ्यांत घालायचं औषध मी नांदेडहून आणायचे. ते घ्यायला आत्याबाईंनी बॅग उघडली, कोणत्या खिशात आहे ते कळेना म्हणून एकेक चाचपत गेल्या, आणि चपट्या खिशातून अक्काचं हॉल तिकीट बाहेर आलं. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. पण फोटो लेकीचा आहे हे कळायला वाचता यावं लागत नाही.

त्या तो कागद दोन्ही हातांत धरून सोप्यात आल्या. मी दारात उभी होते. मशीनचं चाक थांबलं.

"हे काय हाय गं, संगीता? कमलचा फोटू हाय ह्याच्यावर." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, हळू होता. "तिच्यासाठी स्थळ बघूलालाव का तुमी? मला न सांगता? आगं, मी न्हाई म्हणले असते का? मी तर रोज..." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्या भरल्या डोळ्यांत आशाच होती. तेवढं मला बघवलं नाही.

अक्का उठली. आईच्या हातातला कागद तिनं घेतला नाही, त्यावर नुसतं बोट ठेवलं. "स्थळ न्हाई, आई. परीक्षा हाय. धाव्वीची. उद्यापासून."

आत्याबाई खाली बसल्या. "ह्या वयात?" एवढंच म्हणाल्या. मग, "आन् मला कामून न्हाई सांगितलं?"

"नापास झाले तर तुला वाईट वाटंल म्हून."

मामा अंगणात कडबा रचत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हात झटकत ते आत आले, खुंटीची टोपी काढून उगाच पुन्हा खुंटीला लावली. ते कमी बोलणारे. अक्का नववी झाली तेव्हा दहावीसाठी लोह्याला जावं लागायचं, आणि त्या वर्षी रस्ता उखडल्यामुळं फाट्यावर बसच येत नव्हती, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. अक्कानं कधी सांगितलं नव्हतं. मामांनीच सांगितलं, भिंतीकडं बघत.

"पुढल्या साली बघू, आसं मीच म्हणलो होतो. पुढल्या साली लगीन लावलं." मग म्हणाले, "किती वाजता हाय पेपर?"

"अकराला," मी म्हणाले.

"हरभरा दोन दिस उभा ऱ्हाईल. मी येतो लोह्याला."

"तुमी कशाला, दादा?" अक्का वडलांना म्हणाली. "तुमच्या डोळ्याला ऊन सोसत न्हाई."

"लिंबाखाली बसतो. तू तुझं लिही."

रात्रीच्या जेवणात कोणी परीक्षेचं नाव काढलं नाही. फक्त आत्याबाईंनी अक्काच्या ताटात दुसऱ्यांदा तूप वाढलं.

बीजगणिताच्या पेपरच्या दिवशीच माझा शेवटचा पाठ होता, परीक्षेचा. बॅग एक. अक्का म्हणाली, "तू ने. मला एक पेन तर न्यायचाय." मी ऐकलं नाही. तिची भाकर, पाणी, कंपासपेटी त्या बॅगेत भरली आणि तिच्या खांद्याला लावली. माझ्या खांद्याच्या मापाची बॅग तिला दोन बोटं खाली यायची. तिनं नवारीला एक गाठ मारली. मी वह्या काखेत धरून बसमध्ये चढले. पाठ चांगला झाला. काय शिकवलं ते आता आठवत नाही, पण शिकवताना मधेच खिडकीबाहेर कोणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेले पापड बघितले आणि वाटलं, अक्काचं पहिलं गणित सुटलं असेल का.

परतताना मी लोह्यालाच उतरले. शाळेच्या फाटकासमोर लिंबाखाली ही गर्दी. बाप मोटारसायकलींवर बसलेले, पोरांच्या सॅका हँडलला लटकवलेल्या, काही भिंतीशी ढीग करून टाकलेल्या, कारण वर्गात काही नेऊ देत नाहीत. आणि सगळ्यांच्या मधे, मुळीवर मामा बसलेले. मांडीवर ती हिरवी बॅग. दोन्ही हातांनी धरलेली, तान्हं मूल धरावं तशी. नवार मनगटाला दोनदा गुंडाळलेली.

"मामा, खाली ठेवायची की. हात अवघडले असतील."

"न्हाई, बरं हाय."

"काय आहे एवढं त्याच्यात?"

"काय म्हाईत. मी उघडलो न्हाई," मामा म्हणाले. "आत जाताना तिनं माझ्याजवळ दिली."

घंटा झाली. पोरंपोरी लोंढ्यानं बाहेर आली, आणि त्यांच्या मागून, फिकट निळ्या साडीत, सावकाश, अक्का. तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. "गेलं," ती म्हणाली. "अर्धं तर वाचायलाच कळलं न्हाई."

मामांनी बॅग तिच्या हातात दिली. "जाऊ दे. एवढी पोरं हायत, समद्यांचं कुठं येतंय." तिनं भाकर काढली. आम्ही तिघं लिंबाखाली बसलो. मामांनी भाकरीचा मोठा तुकडा तिच्याकडं सरकवला आणि हळूच विचारलं, "आन् बाकीचे बरे गेले का?" बाकीचे बरे गेले होते. त्यांनी मान हलवली. लिंबाचा मोहोर आमच्या डोक्यांवर, भाकरीवर, चटणीवर पडत होता. पेपर बिघडलेला, पाठ उरकलेला, ऊन पांढरं झालेलं. आयुष्यातल्या चांगल्या जेवणांची मोजदाद करायला बसले तर ते जेवण मला वगळता येत नाही.

निकाल लागला. अक्का बाकी सगळ्या विषयांत पास, गणितात नापास. जे होईल म्हणून ती सात-आठ महिने भ्यायली होती ते झालं, आणि गावात काहीच झालं नाही. बायका ब्लाऊज टाकायला आल्याच. चौथ्या दिवशी शेजारच्या गल्लीतली एक बाई आली, कापड पुढं टाकून म्हणाली, "कमलताई, मपली पोर बी गणितातच गेली. तुझ्याकडं धाडते. दोघी मिळून करा." ती पोर रोज तिसऱ्या प्रहरी यायची. सोळा वर्षांची ती आणि तिशी उलटलेली अक्का, मशीनच्या फळीवर वही ठेवून दोघी गणितं सोडवायच्या आणि चुकलं की एकमेकींना दोष द्यायच्या. आता पुस्तकावर कापड ओढायची गरज नव्हती. ऑक्टोबरात दोघीही सुटल्या, काठावर का होईना.

पुढच्या पावसाळ्यात अक्काचं नांदेडला शिवणकामाच्या वर्गाला नाव लागलं. दहावी पास लागायची त्याला. माझं बी.एड. झालेलं होतं, पण नोकरी अजून नव्हती, आणि मांडीवर दोन महिन्यांची मुलगी होती. त्यामुळं उलटं झालं. अक्का बाहेर जायची आणि मी तिचा डबा भरायची. जाणं सोपं असतं, हे मला तेव्हा कळलं. वाट बघायला जास्त ताकद लागते. पाच वाजले की मुलीला खांद्यावर टाकून मी उगाच अंगणात फेऱ्या मारायची.

पहिल्या दिवशी ती आली तेव्हा आत्याबाई आणि मी दोघी दारातच होतो. वाटलं, दमली असेल, वर्गाचं काही सांगेल. तिनं बॅग खाली ठेवली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"खिडकीजवळची जागा भेटली मला," ती म्हणाली. इतकी वर्षं ती लग्नाला, मयतीला, बाजाराला गेली होती, पण ट्रॅक्टरमधून, जीपमधून, नाहीतर बसमध्ये कोणाच्या तरी मागं उभं राहून. एकटी, खिडकीजवळ, अशी कधीच नाही. "आई, नाल्याच्या पुलावरून आपलं रान दिसतंय. समदं दिसतंय. तू सोयाबीन खुरपत होतीस. मी हात केला तुला. लई येळ केला."

आत्याबाई ओशाळल्या. "मी न्हाई बघितलं गं. मला काय म्हाईत, तू त्या बसमदी हायस."

दुसऱ्या दिवशी मी मुलीला घेऊन रानात गेले होते. नऊची बस पुलावर आली तसं आत्याबाईंनी खुरपं खाली ठेवलं आणि त्या उभ्या राहिल्या. पिकात मधोमध, डोळ्यांवर हात धरून. बस लांबून जायची. कोणत्या खिडकीत लेक बसली आहे ते काही दिसत नव्हतं. म्हणून त्यांनी त्या अख्ख्या बसला हात केला.